नाव झाकून

जुनी रेसिंग सायकल घ्यायची तर आधी ईश्वरप्पाला दाखवावी, ही सोलापुरातल्या सायकलवेड्यांची जुनी रीत. होटगी रस्त्यावरच्या दुकानात सायकल आली की ईश्वरप्पा आधी तिच्या दांडीवरच्या कंपनीच्या नावावर हात पुसायचं फडकं गुंडाळायचा आणि डोळे मिटून दांड्यांवरून बोटं फिरवायचा. "नाव दिसलं की डोळं भुलत्यात," म्हणायचा. कुठे दांडी चेपलीय, कुठे जोड उकललाय, बोटं सगळं सांगायची. कित्येक विलायती नावांना त्याने भंगाराचा भाव सांगितला आणि निनावी सायकलवाल्याला चहा पाजला. माणूस फटकळ, पण शब्द कधी खोटा पडला नाही.

त्याची स्वतःची इटालियन सायकल मात्र चादरीत गुंडाळून छताला टांगलेली. बाविसाव्या वर्षी गिरणीतल्या एका साहेबाकडून घेतलेली. तिला हात लावायची कोणाची टाप नव्हती. नात श्रीदेवीला रविवारच्या मोहोळच्या शर्यतीसाठी नेमकी तीच हवी होती. आठवडाभर तिने भुणभुण लावली.

"अज्जा, येवढी भारी हाय तर पळू द्या की तिला."

शेवटी म्हातारा विरघळला आणि सायकल खाली आली. श्रीदेवी वात्रट. तिनेच नावावर फडकं गुंडाळलं.

"सगळ्यांना लावता तोच नियम. सांगा आता, कशी हाय?"

ईश्वरप्पाने हसत डोळे मिटले. हँडलखालच्या जोडाशी बोट आलं, थांबलं, पुन्हा मागे गेलं. रंगाखाली बारीक सुरकुती होती. सायकल समोरून जोरात धडकली की दांडीला पडते, तशी. साहेबाने वरून रंग देऊन ती त्याच्या गळ्यात मारली होती आणि पंचेचाळीस वर्षं ईश्वरप्पा नुसतं नाव पुसत बसला होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसला असता तर कोणाला कळणार होतं? पण रविवारी तिच्यावर नात बसणार होती.

"अव्वा, ही मोडंल," तो नातीला म्हणाला. "हिच्यावर बसू नगंस."

श्रीदेवीचं तोंड एवढंसं झालं. त्याने कोपऱ्यातली एक निनावी काळी सायकल काढली आणि सीट तिच्या मापाला लावून दिली. शर्यतीत पोरगी सतरावी आली, पण धडधाकट घरी आली.

इटालियन सायकल आता दुकानाच्या दारातच उघडी उभी असते. नव्या गिऱ्हाइकाचं बोट धरून ईश्वरप्पा त्या सुरकुतीवर ठेवतो.

"हितं बघा. नाव वाचून घेतली की असं हुतंय."

"कुणी घेतली होती हो?"

"मीच की."