बुरशी आहे का, बुरशी?

आमच्या घराला माझी गरज नाही, हे मला एका बुधवारी रजा घेतल्यावर कळलं.

रजा घेतली नाही तर बुडणार होती, म्हणून घेतली. एरवी पवईच्या ऑफिसात मी दहा-बारा माणसं सांभाळते, मुलुंडचं घर सासूबाई सांभाळतात आणि रविवारी मी त्या घरात पाहुणीसारखी वावरते.

"आज मी घराला वेळ देणार," मी सकाळी जाहीर केलं.

"घराला विचारलंस का?" असं म्हणून नवरा कामाला गेला. सासूबाई भजनाला गेल्या. ईशान, आमचे सातवीतले चिरंजीव, शाळेत. घर एकटंच माझ्या तावडीत सापडलं.

सुरुवात फ्रिजपासून केली. फ्रिजच्या आत सासूबाईंचं राज्य, तिथे हात लावायची माझी टाप नाही, म्हणून वर बघितलं. वर्तमानपत्राखाली प्लास्टिकचे तीन डबे होते. पहिला उघडला आणि मी मागे सरकले. आत पावाची स्लाइस, आणि तिच्या अंगभर हिरवी लव! दुसऱ्यात काळी, तिसऱ्यात पांढरी. मला सासूबाईंची दया आली. वय झालं, नजर पोचत नाही बिचाऱ्यांची. (ही दया करताना इतकं बरं वाटलं, की तेवढ्यातच रजा वसूल झाली.) कचरेवाला दारातच उभा होता. स्लाइस त्याच्या बादलीत गेल्या, डबे गरम पाण्यानं घासून मी खिडकीत उन्हात पालथे घातले.

सासूबाई परत आल्या. त्यांनी फ्रिजवर बघितलं, मग खिडकीत बघितलं. चिडल्या की त्या मालवणीवर येतात.

"अगो, तो पोराचो प्रोजेक्ट होतो!"

"कसला प्रोजेक्ट?"

"बुरशीचो. उद्या शाळेत देवचो आसा. आठवडो झालो, पोरगो रोज पाणी शिंपडता."

"मला कोणी सांगितलंच नाही."

"तुका रोज फोटो धाडी होतो ना?"

मी फोन काढला. खरंच, रोजचा एक फोटो होता. मीटिंगमध्ये बसून, एकही नीट न बघता, मी सगळ्यांना उत्तरं दिली होती. "वाव." "झकास." आणि हिरवी लव ऐन भरात आली त्या दिवशी, "यम्मी."

नवऱ्याला फोन लावला. "तुला माहीत होतं?"

"अगं, कामवाल्या मावशींना पण माहितीये. त्या फ्रिज पुसताना ते वर्तमानपत्र हलवतसुद्धा नाहीत."

बुरशी एका दुपारात येत नाही. (मी इंटरनेटवर बघितलं. नको तेव्हा मात्र लगेच येते.) पोराची आठवडाभराची मेहनत मी कचऱ्यात घातली होती आणि तो शाळेतून हसत घरी येणार होता. शेवटी ऑफिसात जे करते तेच केलं. बाहेरून मिळतंय का बघायला निघाले.

समोर सामंतकाकू राहतात. दार उघडताच मी मुद्द्यावर आले.

"काकू, तुमच्याकडे बुरशी आलेलं काही असेल ना?"

"माझ्याकडे?" काकूंनी पदर खोचला. "कोण म्हणालं?"

"तसं नाही हो. एखादा विसरलेला पाव वगैरे..."

"वर्षा, माझ्या घरात लोणच्याला कधी बुरशी धरली नाही. तू पाव काय विचारतेस?"

दार बंद झालं. मग तिसऱ्या मजल्यावरच्या मेहताभाभी. भाभी जैन. त्या रात्रीची पोळी सकाळी खात नाहीत, आणि मी त्यांच्याकडे गेल्या आठवड्यातला पाव मागितला! घाबरलं की माणसाची अक्कल गहाण पडते ती अशी. भाभींनी आधी कानांवर हात ठेवले, मग आवाज खाली आणला.

"वर्षाबेन, घरी सगळं ठीक आहे ना?"

"हो हो," म्हणत मी पळाले.

तिथेच वाट लागली. वर्षा बुधवारची घरी आहे. वर्षा दारोदार शिळं मागतेय. आमच्या बिल्डिंगला एवढं पुरतं. अर्ध्या तासात माझी नोकरी गेली होती.

दुपारी बेल वाजली. दारात मेहताभाभी, हातात गरम थेपले. "लाजायचं नाय. असे दिवस येते नी जाते." मागोमाग सामंतकाकू कोथिंबीरवड्यांचं ताट घेऊन आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी.

"आधी सांगायचं ना गं. शिळं कशाला मागायचं?"

"काकू, मला खरंच शिळंच हवंय."

"फार स्वाभिमानी आहे पोर," काकू भाभींना म्हणाल्या.

टेबल ताज्या अन्नानं भरलं. बुरशीचा ठिपका म्हणून नाही. सासूबाई मजेत वड्या खात होत्या.

तेवढ्यात ईशान आला. त्यानं उन्हातले डबे बघितले. मी सगळं सांगून टाकलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, पण तो एवढंच म्हणाला, "पण तू तर यम्मी म्हणाली होतीस."

मला फार वाईट वाटलं. मी थेपले त्याच्यापुढे सरकवले.

त्यानं अर्धा थेपला खाल्ला आणि एकदम उठला. "आई, तुझी जुनी ऑफिसची बॅग कुठंय? चेन तुटलेली?"

"माळ्यावर. का?"

"तिच्यात डबा असेल."

"काहीतरीच. डबा मी रोज आल्या आल्या..." म्हणता म्हणता मला ती गडबड आठवली. चेन तुटली, सामान नव्या बॅगेत गेलं, आणि तेव्हापासून सासूबाई एक स्टीलचा डबा शोधतायत.

बॅग खाली आली. डबा होता! ईशाननं झाकण उघडलं तशा भाभी नाक दाबून दारापर्यंत मागे गेल्या. पोळीवर हिरवं, भाजीवर करडं, आणि कडेला गुलाबी, जे त्याच्या पुस्तकातही नव्हतं.

"आई, झकास! असं कोणाकडेच नसेल!" तो माझ्या गळ्यात पडला.

"मेलो डबो गावलो एकदाचो," सासूबाई म्हणाल्या.

सामंतकाकूंनी डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "म्हणजे नोकरी आहे तुझी?"

"आहे काकू."

काकूंनी उरलेल्या वड्यांचं ताट उचललं आणि घरी गेल्या.

ईशानच्या प्रोजेक्टला वर्गात पहिला नंबर मिळाला. पुढच्या पालकसभेत त्याच्या टीचरनी मला मुद्दाम थांबवून घेतलं. म्हणाल्या, "मी त्याला विचारलं, एवढी छान बुरशी तू कशी वाढवलीस? तर म्हणाला, मी नाही टीचर, आईनं वाढवली. नोकरी सांभाळून."