दगडावरचा वड

रोपांच्या नर्सरीतल्या बाईंनी कुणाला अरेतुरे केलेलं कुणी ऐकलं नव्हतं. जावयाने मुलीचा हात मोडला, तेव्हाही त्या "जावईबापू, असं बरं नव्हे" एवढंच म्हणाल्या. मुलगी मात्र प्लास्टर निघाल्यावरही माहेरीच राहिली.

तीन वर्षांपूर्वी बाईंनी वडाच्या एका रोपाची मुळं दगडावर पसरली, सुतळीने आवळली आणि दगडासकट मातीत पुरली. मुळांनी दगड धरला की वरची माती काढायची, असं हे काम. त्या सकाळी अंगणात मायलेकी तेच करत होत्या. सुतळी अजून दगडाभोवती होती, पण मुळं फटीफटीत शिरून घट्ट बसली होती.

फाटकावर लाथ बसली.

"चल घरी," जावई म्हणाला. "पाहुणचार पुरे झाला."

मुलीने नकारार्थी मान हलवली. त्याने केस धरून तिचं तोंड हौदाच्या कडेवर आपटलं. ओठ फाटला. बाई मध्ये पडल्या, तर त्यांच्या जबड्यावर असा ठोसा बसला की त्या कुंड्यांवर कोसळल्या.

"म्हातारीचं लाडकं झाड ना हे? सुतळीने तर बांधलंय. एका हिसक्यात हातात येईल."

एका हातात बायकोचे केस, दुसऱ्यात वडाचं खोड. त्याने सगळा जोर लावून ओढलं. मुळांनी दगड सोडला नाही. झाडाबरोबर पाच किलोंचा धोंडा उसळून वर आला आणि त्याच्याच गुडघ्यावर आदळला. हाड मोडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

तो खाली पडल्यावर केस सुटले, पण त्याने मुलीचा घोटा पकडला. बाई रांगत आल्या आणि फांद्या छाटायची कात्री त्याच्या मनगटाला लावली.

"अरे, सोड तिचा पाय. तोडीन मी. दिवसभर हेच करते."

तो कण्हत म्हणाला, "मला अरे म्हणता, सासूबाई?"

कात्री थोडी मिटली. रक्ताचा थेंब आला. बोटं उघडली.

"आई, याला बाहेर नेऊ," मुलगी म्हणाली. "मी परत जाणार नाही, हे मला चारचौघांत सांगायचंय."

दोघींनी त्याच्या काखेत हात घालून त्याला फाटकाबाहेर ओढलं. तो गुरासारखा ओरडत होता. शेजारीपाजारी जमले. मुलीचा ओठ सुजून टम्म झाला होता. वाक्य नीट कळावं म्हणून तिने ते दोनदा म्हटलं.