आपोआप

आज सकाळी चहा घेता घेता सवयीने माझ्या जुन्या ऑफिसची, एका सहल कंपनीची वेबसाइट उघडली, तर डोंगरदऱ्यांच्या फोटोंऐवजी लाल त्रिकोण आला. ‘ही साइट सुरक्षित नाही.’ इतका सुंदर लाल रंग मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

साइटच्या सुरक्षेचं सर्टिफिकेट ठरावीक काळाने संपतं. नवं आपोआप येतं, हे खरं. पण आमचा सर्व्हर हट्टी. रीस्टार्ट केल्याशिवाय तो जुनंच दाखवत राहायचा. ते काम मी करायचे. मला नोकरीवरून काढलं त्या दिवशी हेच सांगायला गेले, तर साहेब मान वर न करता म्हणाले, “मॅडम, सगळं आपोआप होतं. म्हणून तर तुमची गरज नाही.”

घरातलं दहीसुद्धा आपोआपच लागतं म्हणे. दुधात विरजण घालणारा हात कुणाच्या ताटात दिसत नाही. तो हात थांबला की मग घरभर विचारणा होते, आज दही का नाही.

तेवढ्यात फोन वाजला. साहेबच होते. “मॅडम, साइट उघडत नाहीये, ग्राहक ओरडतायत. तुम्ही काय करायचात?”

आवाजात साखर घोळून मी म्हणाले, “काही नाही, साहेब. ते आपोआप होतं.”

फोन ठेवला आणि साइट पुन्हा उघडली. अजून लालच होती. मी आणखी अर्धा कप चहा ओतून घेतला.