मिलवॉकीचा पाऊस आणि आमचा हरणारा संघ

मिलवॉकीला जायचं बाबांनी ठरवलं. त्यांना बेसबॉल कळत नव्हता.

नव्वदच्या दशकाच्या मधली ती वर्षं. आम्ही मिनेसोटात, ईडन प्रेरीला राहत होतो. जवळच्या मिनीआपोलिसचा आमचा संघ त्या वर्षी एप्रिलपासून हरत होता. कधी बॉल टाकणारा पिचर ढेपाळायचा, कधी सोपा झेल सुटायचा, कधी दोन्ही. माझी बारा वर्षांची मुलगी सुजाता मैत्रिणींबरोबर मॅचला जायची आणि तोंड पाडून परत यायची. जुलैत मैत्रिणींनी तिला नेणं बंद केलं.

“आय अ‍ॅम द जिंक्स,” ती जेवताना म्हणाली. “मी गेले की हरतात.”

माझे वडील त्या उन्हाळ्यात आमच्याकडे आले होते. नागपूरचे निवृत्त शिक्षक. त्यांनी मला विचारलं, “काय म्हणून राहिली ही?”

“पनवती आहे म्हणते.”

बाबांनी घास खाली ठेवला. “माझ्या आईच्या सावलीनं लोकांचं पाणी बाटायचं. ते मागे टाकून आलो आपण. आणि ही इथं स्वतःहून पनवती होते? पुढची मॅच कुठं आहे?”

पुढची मिलवॉकीला होती. नवरा कामासाठी दूर, हर्नडनला. म्हणजे गाडी मी चालवायची.

शनिवारी सकाळी निघालो. साडेपाच तास धरा. हायवे सरळ आहे, दोन्ही बाजूंना मका. विस्कॉन्सिन डेल्सजवळ वॉटरपार्कची गर्दी असते, तिथं वेळ जातो. टोमा गावात थांबून ताज्या चीजचे तुकडे जरूर घ्या. दाताखाली करकरतात. बाबांनी अख्खी पिशवी संपवली आणि मग नकाशा उलटा धरून मला रस्ता सांगितला. शहराबाहेरचं मोटेल चाळीस डॉलरच्या आत मिळालं. गादी तितक्याच किमतीची होती.

रविवारी दुपारी मॅच. तिथं लोक पार्किंगमध्येच शेगड्या मांडून सॉसेज भाजतात. सुजाताची टोपी पाहून एक जाडा गृहस्थ ओरडला, “मिनेसोटा? एवढ्या लांब कशाला आलात? घरी बसूनही हरता आलं असतं!” मग त्यानं बाबांपुढे बिअर धरली.

“चहा आहे का?” बाबांनी इंग्रजीत विचारलं. नव्हता.

मधल्या इनिंगपर्यंत आम्ही तीन धावांनी मागे. सुजाता नखं खात होती. मग पाऊस आला. मैदानावर ताडपत्री पसरली. आमचं घरचं स्टेडियम छताचं, तिथं पावसाचा संबंध नाही. बाबांना आणि मला माहीत होतं ते क्रिकेट. तासभर भिजल्यावर बाबा म्हणाले, “धुतली मॅच. चला.” आजूबाजूचे लोक प्लास्टिक पांघरून शांतपणे बसले होते. मला ते मूर्ख वाटले. सोमवारी माझं ऑफिस होतं. निघालो.

अर्ध्या तासावरच्या डेलाफील्डला पेट्रोल भरायला थांबलो. पाऊस थांबला होता. दुकानातल्या रेडिओवर मॅच सुरू होती. आपली मॅच. बेसबॉलमध्ये थांबतात, वाट पाहतात आणि पुन्हा खेळतात. तुम्ही जाल तेव्हा हे लक्षात ठेवा.

आमचा संघ एका धावेनं पुढे गेला होता.

“सी?” सुजाता म्हणाली. “आपण निघालो आणि ते जिंकतायत.”

“गाडी फिरव,” बाबा म्हणाले.

“बाबा, पाच तास ड्राइव्ह करायचंय मला अजून.”

“फिरव म्हटलं ना.”

“नको, आजोबा, प्लीज. मी गेले तर हरतील.”

“म्हणूनच जायचं.”

मी फिरवली. दात खाऊन, पण फिरवली. गेटवरच्या म्हाताऱ्यानं फाडलेली तिकिटंही पाहिली नाहीत. शेवटची इनिंग, मिलवॉकीची बॅटिंग. सुजाता जिन्यातच थांबली. बाबांनी तिचा हात धरून तिला वर आणलं.

आमचा पिचर बॉल टाकत होता. एक जमिनीवर, एक डोक्यावरून. चार बाहेर गेले की बॅटरला फुकट पहिला बेस मिळतो, त्याला वॉक म्हणतात. त्यानं तिघांना फुकट पाठवलं, तिन्ही बेस भरले. चौथ्यालाही पाठवलं, तसा सगळ्यात पुढचा ढकलला जाऊन धाव मिळाली, बरोबरी झाली. पाचव्याला पाठवलं, हरलो. कोणी बॅट बॉलला लावलीसुद्धा नाही.

सुजाता रडू लागली. बाबा तिच्याकडे नाही, मैदानाकडे बघत होते. संतापले होते.

“या माणसाला पगार देतात? सरळ बॉल टाकता येत नाही याला! त्याच्या हातात तू होती का? सांग, होती का?”

“नाही.”

“मग? हे लोक आपल्या आपण हरतात, बेटा. तुझी गरजच नाही त्यांना.”

परतीला निघालो. टोमा मागे पडल्यावर मागच्या सीटवरून आवाज आला, “आजोबा, त्याला दुसऱ्या वॉकनंतरच काढायला हवं होतं ना?”

“पहिल्या,” बाबा म्हणाले. घरापर्यंत दोघं तेच बोलत राहिले. मला पार्किंगचा, पेट्रोलचा आणि झोपेचा हिशेब करवेना.

सप्टेंबरात बाबा नागपूरला परतले. संघ तळाशीच राहिला. त्या वर्षात सांगण्यासारखं त्यानं काहीच केलं नाही. शेवटच्या घरच्या मॅचला सुजाता गेली. मैत्रिणी नको म्हणाल्या, तर स्वतःचं तिकीट काढून त्यांच्याच रांगेत बसली. परत आली तेव्हा घसा बसला होता.

“हरले?”

“हरणारच. थर्ड बेसवर कोणाला उभं केलं होतं माहितीये? दॅट मॅनेजर इज अ‍ॅन इडियट.”

पानावर बसल्यापासून उठेपर्यंत तिनं मॅनेजरला झोडपलं. एरवी मी जेवताना असं बोलू देत नाही. त्या दिवशी तिला आणखी एक पोळी वाढली.