श्टुटगार्टचे रूळ आणि उशिरा पोचणारे आम्ही

भारतातून फोन आला की एक वाक्य ठरलेलं असतं. "तुमच्याकडे काय बाबा, जर्मनी! सगळं सेकंदावर चालत असेल!" आमच्या श्टुटगार्टच्या मराठी ग्रुपमधलं कोणीही यावर उत्तर देत नाही. द्यायला बसलं तर दिवस जाईल. हे किस्से आम्ही मुद्दाम जमवत नाही हो, ते आपोआप साठतात. फलाटावर चाळीस मिनिटं उभा असलेला माणूस दुसरं साठवणार तरी काय?

आम्ही म्हणजे मोटारींच्या धंद्यातले चार-पाच इंजिनीअर, त्यांचे संसार, आणि युनिव्हर्सिटीत पीएचडीला आलेली मेघना देसाई. तिचा विषयच मुळी 'रेल्वेमुळे शहर कसं वाढलं' हा. ती म्हणते, श्टुटगार्ट म्हणजे डोंगरांमधली कढई. कढईत जागा संपली, मग दऱ्यादऱ्यांतून रूळ बाहेर पडले. ज्या खेड्यात स्टेशन आलं ते उपनगर झालं, बाकीची राहिली द्राक्षं पिकवत. म्हणजे आम्ही कुठे राहायचं हे आम्ही ठरवलेलंच नाही! कोण्या जुन्या इंजिनीअरने पट्टी ठेवून रेघ मारली, आणि आम्ही आज त्या रेघेवर वाळत घातल्यासारखे लटकतोय.

*

नागपूरचा शिरीष गिअरबॉक्सवर काम करतो. घर शोधताना त्याची एकच अट होती, एस-बानचं, म्हणजे इथल्या लोकलचं स्टेशन जवळ हवं. सहा महिने वणवण केल्यावर जाहिरात दिसली : 'स्टेशनपर्यंत चालत सात मिनिटं.' घर बघायला नेताना मालकीणबाईंनी त्याला स्टेशनवरून आपल्या गाडीतून डोंगरावर नेलं. परत येताना पठ्ठ्या जिन्याने चालत उतरला आणि खरंच सात मिनिटांत फलाटावर! लगेच होकार कळवून टाकला.

राहायला गेल्यावर पहिल्याच शनिवारी दहा किलो कणकेची पिशवी घेऊन तो स्टेशनवर उतरला, तेव्हा डोळे उघडले. समोर त्याच दगडी पायऱ्या, पण आता चढायच्या. तीनशे बारा! डोंगरउतारावर असे जिने इथे जागोजागी आहेत. पंचवीस मिनिटं लागली, त्यात दोनदा पिशवीवरच बसला.

तणतणत मालकीणबाईंकडे गेला. "तुम्ही सात मिनिटं लिहिलं होतं!"

बाईंनी चष्मा लावून जाहिरात पुन्हा वाचली आणि शांतपणे म्हणाल्या, "बरोबरच आहे. 'स्टेशनपर्यंत' सात. 'स्टेशनपासून' असं मी कुठे लिहिलंय?"

*

मी राहतो बॉबलिंगेनला. नोकरी त्सुफेनहाउझेनच्या बाजूला, ब्रेक बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत. एका आठवड्यात ट्रेनमुळे तीनदा उशीर झाला तेव्हा बॉस म्हणाला, "आपण मोटारींचे ब्रेक बनवतो. तू ट्रेनने का येतोस?"

मुद्दा पटला. दुसऱ्या दिवशी गाडी काढली. ऑटोबानला, म्हणजे इथल्या हायवेला लागलो आणि थांबलो. थांबलो म्हणजे थांबलोच! सव्वा तास मी फक्त आमच्याच ब्रेकची टेस्ट घेत होतो.

रस्त्याशेजारी रूळ आहेत. माझी नेहमीची ट्रेन बाजूने सळसळत गेली. वेळेवर! मी घड्याळ बघितलं, मिनिटाचाही फरक नाही. आठवडाभर हिला काय झालं होतं?

तेवढ्यात शिरीषचा मेसेज आला. तो त्याच ट्रेनमध्ये होता. "आज बसायला जागा मिळाली रे. कोणीतरी गाडीने गेलंय वाटतं!"

*

आमच्या ग्रुपमधल्या पल्लवी आणि मंदारने तर घरच एका नकाशाच्या भरवशावर घेतलं. शहराबाहेर नवीन वस्ती होणार होती आणि नकाशात त्यांच्या दारासमोर नवं स्टेशन दाखवलं होतं. पल्लवीला तेव्हा सातवा महिना. "पोर शाळेत जाईपर्यंत ट्रेन दारात!" मंदार सगळ्यांना सांगत सुटला होता.

वस्ती झाली. बेकरी आली, दवाखाना आला. रस्त्याला नावसुद्धा दिलं, 'बानहोफश्ट्रासं', म्हणजे स्टेशन रोड. आलं नाही ते फक्त स्टेशन! आधी रुळांच्या जागेत संरक्षित जातीचे सरडे निघाले. त्यांना दुसरीकडे हलवण्यात दोन वर्षं गेली. सरड्यांना नवीन घर मिळालं, तोवर नियम बदलले आणि आराखडा पुन्हा पहिल्यापासून. दरवर्षी रहिवाशांची सभा, दरवर्षी कॉफी-केक, दरवर्षी नवा नकाशा. मंदार एकही सभा चुकवत नाही.

त्यांची ईरा आता तिसरीत आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये. शाळेत 'माझ्या घराचा परिसर' काढायला सांगितला, तर पोरीने घड्याळासकट स्टेशन काढलं, लाल ट्रेन काढली. बाई म्हणाल्या, "पण ईरा, तिथे स्टेशन कुठे आहे? हे चित्र कधीचं?"

ईरा म्हणाली, "मी ओमा होईन तेव्हाचं!"

ओमा म्हणजे आजी.

*

परवाच्या उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी आमची लाइनच बंद केली. ट्रेनऐवजी बस. त्याच वेळी शिरीषचे सासरे साताऱ्याहून आलेले. एसटीतून कंट्रोलर म्हणून रिटायर झालेले गृहस्थ. स्टेशनबाहेर तीन बस उभ्या, कुठली कुठे जाणार याची पाटी नाही, आणि शे-दीडशे माणसं तिन्ही बसच्या मध्ये गप्प उभी. सासऱ्यांना ते बघवेना.

"अहो बाबा, थांबा! इथे असं चालत नाही!" शिरीष म्हणतोय तोवर ते ड्रायव्हरांकडे पोचलेसुद्धा. हातवारे करून तिघांना कुठे जायचंय ते विचारून घेतलं आणि मध्ये येऊन उभे राहिले. "बॉबलिंगेन हिकडं! बाकीचं तिकडं! चला, पुढं सरका!"

भाषेचा एक शब्द कळत नसताना माणसं रांगेत लागली! पहिली बस भरली, तसा त्यांनी पत्र्यावर दोनदा हात मारला. "जाऊ द्या!" आणि ड्रायव्हरने बस सोडली.

एक म्हातारी जर्मन बाई त्यांच्याजवळ येऊन काहीतरी विचारायला लागली. त्यांनी शिरीषकडे बघितलं. "काय म्हणत्यात?"

शिरीष म्हणाला, "विचारतायत, तुम्ही उद्यापण आहात का?"

*

मेघना आता डॉक्टर आहे. ती झाली त्या दिवसाची ही गोष्ट. चार वर्षांच्या कामाची तोंडी परीक्षा, सकाळी दहाला. प्रवास अर्ध्या तासाचा, म्हणून आम्ही साडेसातलाच निघालो. ती, मी आणि शिरीष. परीक्षेनंतर सगळ्यांना खाऊ घालायची इथे पद्धत आहे, म्हणून आमच्या मांडीवर बेसनलाडवांचे डबे.

दोन स्टेशनांच्या मध्ये, द्राक्षमळ्यांच्या कडेला ट्रेन थांबली. सिग्नलमध्ये बिघाड. आठ वाजले. साडेआठ. मेघनाने टिपणं वाचणं बंद केलं. नऊ वाजता तिने ती बॅगेत कोंबली. "आईबाबा तिकडे फोन घेऊन बसलेत रे," एवढंच म्हणाली. शिरीष दरवाजा उघडून रुळांवरून चालत जाऊ म्हणत होता, त्याला मी धरून बसवलं.

शेवटी तिने डिपार्टमेंटला फोन लावला. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "घाबरू नका, तुमच्याशिवाय सुरू होणार नाही. बाहेरगावचे परीक्षकही पोचलेले नाहीत. तेही कुठल्यातरी ट्रेनमध्ये अडकलेत."

मेघनाने फोन ठेवला आणि मागच्या डब्यातून एक उंच म्हातारे गृहस्थ पाय मोकळे करत आले. काखेत जाडजूड बाड, त्यातून पिवळ्या चिठ्ठ्या बाहेर डोकावतायत. मेघना ताडकन उभी राहिली. तो तिचाच प्रबंध होता! हेच ते बाहेरगावचे परीक्षक.

प्रोफेसरांनी तिला ओळखलं, हात मिळवला, समोरच्या सीटवर बसले. शिरीषने पुढे केलेला लाडू घेतला, सावकाश संपवला, बोटं रुमालाला पुसली. मग चिठ्ठी बघून बाड उघडलं.

"तर मग, फ्राउ देसाई. पान एकशे बारा. तुम्ही लिहिलंय की या रेल्वेनं आजूबाजूची सगळी गावं शहरापासून अर्ध्या तासावर आणून ठेवली." त्यांनी घड्याळ बघितलं, मग खिडकीबाहेरची द्राक्षं बघितली. "या वाक्यात काही दुरुस्ती सुचवाल?"

अख्खा डबा ऐकत होता. मेघना सरसावून बसली.

"नाही, हेर प्रोफेसर," ती म्हणाली. "माझा प्रबंध रुळांवर आहे. गाड्यांबद्दल त्यात एक अक्षरही नाही!"