तहनाम्यावरचा लाल शेरा

मंगळ आणि पृथ्वी यांच्यात युद्ध पेटायला चार तास उरलेत, आणि मंगळाचा तहनामा पृथ्वीच्या कचेरीत अडकलाय, कारण त्यावर आवक क्रमांक नाही. ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या आमच्या सरकारी ऑफिसच्या स्नेहसंमेलनासाठी मी ही एकांकिका लिहिली. सगळे म्हणाले, काय भन्नाट कल्पना! कल्पना कसली डोंबलाची. मंगळ तेवढा माझा होता, बाकी सगळं आमच्या हेडक्लार्कचं.

आदल्या वर्षी कणकवलीहून तार आली, वडील अत्यवस्थ. मी मुलुंडच्या ऑफिसात टायपिस्ट. रजेचा अर्ज घेऊन हेडक्लार्कच्या टेबलाशी उभी राहिले. आवक-जावकचा कारकून स्वतःच रजेवर, मग क्रमांक घालणार कोण? त्याचा शिक्का समोर पडला होता. पण दुसऱ्याच्या टेबलावरच्या शिक्क्याला हात लावायचा नाही, हा यांचा धर्म. "साहेब, वेळ फार थोडा आहे हो," मी म्हणाले. त्यांनी लाल शाईने शेरा मारला, 'आवक क्रमांक नाही. परत.'

दुसऱ्या अर्जावर रजा मिळाली, तिसऱ्या दिवशी. मी घरी पोचले तेव्हा वडिलांची गादी उन्हात टाकली होती. "चेडू इला काय?" पोरगी आली का, असं शेवटपर्यंत विचारत होते म्हणे. परत आलेला अर्ज मी जपून ठेवला.

पृथ्वीच्या कारकुनाचं काम मी हेडक्लार्कनाच दिलं. गृहस्थ हरखले. "बाई, माणूस अगदी खरा उतरलाय हं!" तालमीत म्हणाले. शंकासुद्धा आली नाही मेल्याला. तहनाम्याचा मजकूर त्यांना पाठ होईना, म्हणून तो ते कागदावर बघून वाचत. मंगळाची वकील मी.

प्रयोगाला घाटकोपरचा हॉल भरला होता. पहिल्या रांगेत मोठे साहेब सहकुटुंब. मी तहनाम्याच्या गुंडाळीत माझा अर्ज घातला. हेडक्लार्कनी ती ऐटीत उघडली, खणखणीत आवाजात वाचलं, "माझे वडील अत्यवस्थ असल्याने..." आणि थांबले. खालचं लाल अक्षर त्यांचंच होतं.

लोक आधी हसले. मग हसणं विरलं. विंगेतून प्रॉम्प्टर वाक्य सांगून दमला.

"बाई, इथे नको," ते पुटपुटले.

मला कीव यायला हवी होती. नाही आली. बरं वाटलं, फार बरं वाटलं. मी एक पाऊल पुढे गेले आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं माझं पुढचं वाक्य म्हटलं, "साहेब, वेळ फार थोडा आहे हो."