फ्रिजमधले पाहुणे

त्या दुपारी लॅबचं दार उघडलं आणि फ्रिजची घरघर ऐकू आली नाही. एवढंच! पण मला दरदरून घाम का फुटला, ते आधीचे किस्से सांगितल्याशिवाय कळायचं नाही. आमच्या लॅबमध्ये किस्से न धुतलेल्या टेस्टट्यूबसारखे साचतात.

फ्रिजमध्ये माझे बॅक्टेरिया होते. हिमाचलच्या गारठ्यात, डिझेल सांडलेल्या मातीतले. थंडीत डिझेल खातात, सोलापूरच्या मे महिन्यात मरतात! एकच सेट. तो गेला की माझा एम.एस्सी.चा प्रोजेक्ट गेला.

*

पहिल्याच दिवशी जेऊरचा आमचा सीनियर प्रशांतदादा म्हणाला, "डिझेल खातात? आमच्या ट्रॅक्टरपासून लांब ठेव बाई!"

सगळे हसले. मीही हसले. घरी जाऊन गुपचूप बाबांच्या जीपचा डिझेलचा काटा बघितला!

*

आमच्याकडे बॅक्टेरिया वाढवलेली प्लेट दिसली की सदतीस डिग्रीच्या इनक्युबेटरमध्ये जाते. हाताला सवयच तशी. दादाला माझ्या तीन प्लेटा फ्रिजमध्ये दिसल्या. "विसरली असशील म्हणून उबेला ठेवल्या!"

तिन्ही मेल्या. बाकीच्या मागच्या कप्प्यात होत्या म्हणून वाचल्या. मी अशी किंचाळले की वरून फिजिक्सचे सर धावत आले, "कोणाला शॉक लागला?"

*

तेव्हापासून माझ्या गाईड मॅडमनी फ्रिजची किल्ली लॅब अटेंडंट मल्लम्मामावशींकडे दिली. मावशी मैंदर्गीच्या. "ह्यास्नी ऊन सोसत न्हाय? मग सोलापुरात कशाला आणलीस गं बाय?"

पण रोज दुपारी फ्रिजवर हात ठेवायच्या, लेकराचा ताप बघावा तसा. "पावणे बरे हायत!"

*

तर त्या दुपारी लाईट गेलेली. कुलूप उघडं. फ्रिज कोमट. आणि रिकामा!

मॅडमचा फोन बंद. दादा ओरडला, "आईशप्पथ, मी हात लावला नाही!" इनक्युबेटर बघितला, नाहीत. उरला ऑटोक्लेव्ह, वाफेनं जंतू मारायचा कुकर. त्यात गेलेलं काही जिवंत परत येत नाही. झाकण उघडून आत डोकावले. तिथंही नाहीत!

मावशींचा फोन सात वेळा 'कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर'. आठव्यांदा रिंग गेली.

"मावशी! माझ्या प्लेटा—"

"वरडू नकोस की! लाईट गेली, म्हून डब्यात बरफ घालून भावाकडं आणल्यात. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजात. पावणे लई खुशीत हायत. मीबी हितंच बसलेय, दोन तास झालं."

मग फोनमधून दात वाजल्याचा आवाज आला.

"तू ये बिगी बिगी. आन् येताना एक चादर आण!"